खिलारीचे गोंडे

कोल्हापुराहून येऊन आज पाच दिवस झाले. गल्लीतल्या बायका अजून विचारतात, "वरनं काय दिसलं गं?" मी म्हणते, "लांबपर्यंत दिसलं." त्या म्हणतात, "लांबपर्यंत म्हंजे काय?" मग मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाते.

चार माणसांत मला बोलता येत नाही. चौथीत असताना बाईंनी कविता म्हणायला उभं केलं होतं, तर तास संपेपर्यंत मी नुसती उभीच राहिले. लिहिताना तसं कुणी समोर बसलेलं नसतं. धाकट्याच्या जुन्या वहीत पानं उरली आहेत, त्यात लिहून ठेवते. ज्या चौघींनी माझ्याबरोबर बसून गोंडे केले त्यांतली एकही, मी जाऊन आले त्या पाळण्यांच्या पार्कात गेलेली नाही. वाटलं तर कधीतरी त्यांना वाचायला देईन, नाही वाटलं तर वही पेटीत राहील.

मुरगुडात आमचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. गळ्यातले कंडे, शिंगांचे लोकरीचे गोंडे, घुंगरांचे पट्टे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, ते सुरू केलं. आता ते नाहीत. गेल्या महिन्यात पाटील नावाचे एक साहेब दुकानात आले. कोल्हापूरजवळ वडगावच्या बाजूला हायवेपासून आत एक पार्क आहे, पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेलं. तिथं खिलारी नावाची गाडी आहे. रुळावरून उंच चढते आणि धाडकन खाली येते. सात डबे, आणि पहिल्या डब्याला पांढऱ्या खिलारी बैलाचं तोंड, लांब शिंगांसकट. दिवाळीच्या सुट्टीसाठी ती खऱ्या बैलासारखी सजवायची असं मालकांनी ठरवलं होतं. साठ गोंडे आणि सात कंडे. मापं साहेबांनी कागदावर आणली होती. आम्ही पाच जणींनी बसून ती मागणी पुरी केली.

गोंडे बांधून आठवडा झाला नाही तोवर साहेबांचा फोन आला. खिलारीला जीव लावणाऱ्या पोरांचं एक मंडळ आहे, ते म्हणतंय हे सगळं काढा. काही लोक म्हणतात राहू द्या. गाडीतून उतरणाऱ्या लोकांकडून मतं लिहून घेतोय. रविवारी मालक येऊन ती बघणार आणि ठरवणार. करणाऱ्यांपैकी कुणीतरी हजर राहा, काही कमीजास्त करायचं निघालं तर. राहिलं तर नाताळाच्या सुट्टीचं कामही तुम्हालाच.

पाडवा तोंडावर आला होता. आमच्याकडे पाडव्याला म्हशी सजवतात, त्यामुळं दुकानात पाय ठेवायला जागा नसते. हे म्हणाले, "तू जा. मुमताजला बरोबर घे. नुसतं ऐकून ये, काही बोलू नको."

मी काही बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणाले.

शनिवार. मुरगूड ते शिवाजी पेठ

बदलायला लागतील म्हणून जास्तीचे दहा गोंडे आणि घुंगरांचा एक पट्टा पिशवीत घेतला होता. ही पहिली चूक. एसटी खड्ड्यातून गेली की माझ्या मांडीवरची पिशवी खुळखुळायची. पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायच्या. मी पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली, तर आवाज जास्तच व्हायला लागला. कंडक्टर तिकीट देताना मोठ्यानं म्हणाला, "पावणं, बैल मागल्या दारानं चढला काय?" सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऊसतोड सुरू झाली होती. अर्ध्या शेतात ऊस उभा, अर्ध्यात पाचट. एका ट्रॉलीमागं आमची गाडी कितीतरी वेळ रांगत होती, आणि मला ते बरंच वाटत होतं. उशीर झाला तर झाला. पोचायचीच मला भीती वाटत होती.

साठ गोंडे करताना असं वाटलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेतं, ओढून बघतं, नाक मुरडतं आणि घेऊन जातं. इथं हजार माणसं बघणार आणि प्रत्येक जण लिहून देणार. माझ्याबरोबर गोंडे करणारी शोभा मी निघताना म्हणाली होती, "चांगलं म्हटलं तर आमची नावं सांग, वाईट म्हटलं तर तुझं एकटीचं सांग." हसत म्हणाली, पण माझ्या पोटात ते राहिलं.

मुमताज माझी धाकटी नणंद, कोल्हापुरात शिवाजी पेठेत दिलेली. तिचा आवाज तिच्या आधी गल्लीत पोचतो. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, इथं मराठीत लिहिते. दारातच ती म्हणाली, "भाभी, तोंड असं का केलंस? गोंडे तूच केलेस ना, का चोरून आणलेस?"

तिच्या घरी शेजाऱ्यांकडून फराळाची ताटं आली होती. आमच्याकडं शेजारणीचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी ठेवायची. पेठेत ताटच परत जात नाही. मुमताज म्हणाली, "ईदला माझे डबे त्यांच्याकडं राहतात, दिवाळीला त्यांची ताटं माझ्याकडं. हिशेब ठेवायला वेळ कुणाला हाय!" तिच्या मांडणीवर चार वेगवेगळ्या घरांची नावं कोरलेली भांडी होती. चकली चांगली होती, पण मला अर्धीच गेली.

रविवारी सकाळी, दूध कट्ट्यावर

कोल्हापूरचं हे मी ऐकलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. म्हशी रस्त्याच्या कडेला आणून उभ्या करतात आणि लोक समोर धार काढून घेऊन उभ्याउभ्या फेसाचं दूध पितात. शर्ट-पँटमधली, ऑफिसात काम करणारी माणसंसुद्धा ओठावर पांढरी मिशी घेऊन उभी असतात. मुमताजनं मला एक पेला दिला. गरम होतं, चुलीवरचं नव्हे, म्हशीचं गरम. मी दोन घोट घेतले आणि भाड्यानं आणल्यासारखी कोपऱ्यात उभी राहिले.

पाडवा दोन दिवसांवर होता म्हणून एका म्हशीला आधीच नटवलं होतं. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांचा कंडा. तेवढ्यात एक स्कूटर तिला घासून गेली आणि कंडा हँडलला अडकला. म्हैस बिचकून मागं सरली. माझ्या हातातलं दूध सांडलं. पण कंडा सटकन सुटला आणि स्कूटरवाल्याच्या हँडलला लोंबत राहिला. म्हैस जागच्या जागी उभी. मालक स्कूटरवाल्याला म्हणाला, "आता तू घाल गळ्यात आणि मिरव की पाडव्याला!"

मी पुढं जाऊन त्या कंड्याचा बंद पाहिला. तीच गाठ. आमच्यासारखीच. आम्ही तिला सुटती गाठ म्हणतो. जनावरानं मान हलवली तरी ती टिकते, पण जोरात हिसका बसला की आपोआप निघते. मी सून म्हणून आले तेव्हा अब्बांनी सगळ्यांत आधी ही गाठ शिकवली होती. माझी पहिली गाठ घट्ट बसली तेव्हा ते म्हणाले होते, "काटेरीत अडकला बैल, आणि गाठ सुटली न्हाय, तर काय हुईल? गोंडा गेला तर दुसरा करू. बैल कोण करणार?"

त्या दिवसात पहिल्यांदा मला बरं वाटलं. बसमध्ये बसेपर्यंत ते टिकलं.

पार्क

फाटकापासूनच गाणी कानावर आदळतात. पाटीलसाहेब भेटले, "या भाभी," म्हणाले आणि खिलारीकडं घेऊन गेले. मी खाली मान घालून चालले होते. साहेब म्हणाले, "बघा की वर."

मी वर पाहिलं. गाडी चढावर होती. सात डबे, लाल, पिवळे, हिरवे गोंडे, आणि सगळ्यांची घुंगरं एकदम वाजत होती. मुरगुडातल्या माझ्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, चार भिंतींत जे पडलं होतं ते आभाळात चाललं होतं. मुमताज ओरडली, "भाभी! तुझं हाय ते!" लोकांनी बघितलं. मी तिच्या आड झाले.

उतरायच्या जागी दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या. हिरवी म्हणजे राहू द्या, गुलाबी म्हणजे काढा. साहेब म्हणाले, "मालक चारला येतील. तोवर वाचून घ्या." मी वाचते, पण सावकाश. पहिल्या दोरीला मला अर्धा तास लागला. आठवतात तशा लिहिते.

एका गुलाबी चिठ्ठीवर होतं, "दिवाळीत बैल सजवत्यात व्हय? म्हशी सजवत्यात. बैलाचा सण बेंदूर. मालक पुण्याचा हाय का?"

दुसरीवर, "गोंड्यात शिंगं झाकली. शिंगं दिसंनात तर खिलारी कसली, मेंढी म्हणा."

एका हिरव्या चिठ्ठीवर, "माझी आजी कधी बसत न्हवती. गोंडे बघून म्हणाली, आपलाच बैल हाय, भ्यायचं काय. बसली. आता उतरंना."

एक गुलाबी चिठ्ठी लांबलचक होती. चढताना साखळीचा जो कड कड आवाज येतो तो घुंगरांत ऐकूच येत नाही, आणि तो आवाज ऐकतच भीती वाढत जाते, तीच तर मजा असते, असं त्यात लिहिलं होतं. अक्षर सुंदर होतं. मला वाटलं, एवढ्या सुंदर अक्षरात माणूस माझ्यावर रागावलाय.

"फोटोला एक नंबर." हिरवी.

"बायकोला आवडलं. म्हणून मलाबी." हिरवी.

"तिसऱ्या डब्यात गोंडा तोंडावर आला. गुदगुल्या झाल्या." हीसुद्धा हिरवी.

मी हिरव्या आणि गुलाबी मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं. गुलाबी जास्त दिसत होत्या.

मंडळाची माणसं शेजारीच होती. पांढरे शर्ट, पाठीवर लाल शिंगं. कोल्हापुरात तिघं एकत्र आले की मंडळ होतं असं मुमताज म्हणते, ते खरं असावं. पुढारी होती प्राजक्ता नावाची कॉलेजातली मुलगी, आणि तिच्याबरोबर माने काका, सत्तरीचे, गाड्यांच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते पार्क उघडल्यापासून दर रविवारी खिलारीत बसतात, नेहमी पहिल्या डब्यात. साहेबांनी माझी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, पण मी त्यांना हातानं नको म्हटलं. म्हणून मंडळाला ठाऊक नव्हतं मी कोण.

प्राजक्ता म्हणत होती, "काका, कुणी केलं असंल हे? जरा तरी अक्कल?"

काका म्हणाले, "करणाऱ्याची चूक न्हाय पोरी. ज्यानं सांगितलं त्याची. सुतारानं कुणाच्या घराला दार कुठं करायचं हे ठरवायचं असतं का?"

"मग मालकाला विचारतेच आज."

"विचार. पण आधी एक फेरा मारू."

ते मला बोलत होते आणि माझ्याशी बोलत नव्हते. मुमताज माझ्या कानात पुटपुटली, "सांगू का हिला, कुणाची अक्कल ती?" मी तिचा हात धरून ठेवला.

मग मी चिठ्ठ्या सोडून नुसती गाडी बघत उभी राहिले. जी वस्तू आपण केली ती दुरून बघताना डोळा चुकाच शोधतो. एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या डब्याचा डावीकडचा लाल गोंडा उजवीकडच्यापेक्षा खाली दिसत होता. मला वाटलं, बांधतानाच वरखाली बांधला असेल. पुढच्या फेऱ्याला तो आणखी बोटभर खाली होता. त्याच्या पुढच्या फेऱ्याला चार बोटं.

तेव्हा मला कळलं.

आम्ही साठही गोंड्यांचे बंद सुटत्या गाठीला जोडूनच दिले होते. आमचा हात दुसरी गाठ जाणतच नाही. पार्कातल्या माणसांनी ते तसेच बांधले. बैल चालतो तेव्हा ती गाठ टिकते, हिसका बसला की सुटते. आणि ही गाडी फेऱ्याला चार हिसके देते. त्या गोंड्याला मूठभर घुंगरं होती. तो सुटून मागच्या डब्यातल्या पोराच्या तोंडावर गेला तर गुदगुल्या होणार नव्हत्या. चाकात गेला तर काय होईल ते मला विचारही करवेना.

मुमताजला सांगितलं. ती म्हणाली, "मग सांग की साहेबांना! उभी काय ऱ्हायलीस?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहिते. मी लगेच सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर गुलाबी चिठ्ठ्या होत्या, प्राजक्ता होती, शोभा होती, नुसतं ऐकून ये म्हणणारे हे होते. सांगितलं की सगळं संपणार. नाताळ नाही, काही नाही. मुरगूडच्या गोंड्यांनी गाडी बंद पाडली, एवढंच नाव राहणार. मी स्वतःला म्हटलं, अजून चार बोटं तर आलाय. मालक येऊन गेल्यावर हळूच साहेबांच्या कानात सांगू. असं म्हणत असताना गाडी आमच्यासमोरून निघून गेली. तिसऱ्या डब्यात एक बाई आणि तिची दोन वेण्यांची लहान मुलगी होती. मुलीनं गोंडा हातात धरला होता. तो पूर्ण फेरा मी गप्प उभी होते आणि गाडी वर असताना माझ्या तोंडातून शब्दही निघाला नाही. ती परत येईपर्यंत मला अब्बांचा आवाज ऐकू येत होता. बैल कोण करणार.

गाडी आली, मुलगी हसत उतरली. दुसरी माणसं चढली. बटणावर बसलेल्या माणसानं हात वर केला, आणि मी ओरडले. काय ओरडावं हे सुचलं नव्हतं. बाजारात उधळलेल्या बैलाला थांबवायला ओरडतात तसं ओरडले, "होऽऽ! होऽऽ! हो!"

सगळं पार्क माझ्याकडं बघायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "मावशी, बैल न्हवं ते, मशीन हाय!" हशा पिकला. पण त्या माणसाचा हात खाली आला आणि गाडी हलली नाही.

पाटीलसाहेब धावत आले. "काय झालं भाभी?" मी तिसऱ्या डब्याजवळ गेले आणि लाल गोंडा ओढला. तो माझ्या हातात आला. उजवीकडचा ओढला, तोही आला. दुसऱ्या डब्याचा ओढला. तोही.

रांगेतली माणसं पुढं सरकली.

"कुणी बांधलंय हे असं?" साहेब चिडले. त्यांच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मी म्हणाले, "त्यांची चूक न्हाय. गाठ आमची हाय. मी केलीय."

प्राजक्ता माझ्याकडं वळली. मग ती म्हणाली, "सांगत हुतो का न्हाय! आठवडाभर सांगतोय, ह्या गाडीला काय लावू नका म्हणून!" मंडळातली पोरं ओरडायला लागली.

माने काकांनी हात वर केला तेव्हा ती थांबली. ते माझ्याजवळ आले, एक गोंडा घेतला, चष्मा वर करून बंद पाहिला. "अशी का मारली गाठ? नवशिकी दिसत न्हाय. मुद्दाम मारल्यागत वाटती."

मी जमिनीकडं बघत सांगितलं, "बैलाची हाय. अडकला तर सुटाय पायजे. न्हाय तर गळफास बसतो."

"म्हंजे साज जावा पण जनावर वाचावं."

"व्हय."

"आणि हितं?"

"हितं पक्की पायजे हुती. मी विचारलंच न्हाय गाडी कशी पळती. कधी बघितली न्हवती."

काका गोंडा हातात फिरवत राहिले. मग साहेबांना म्हणाले, "पाटील, ही गप ऱ्हायली असती तर तुम्हाला कळलं असतं का?"

साहेब म्हणाले, "काका, ते ठीक हाय. पण मी सगळं काढणार. आत्ता."

सगळं काढायला एक तास लागला. मंडळातली पोरं आनंदानं मदतीला आली. प्राजक्ता माझ्या शेजारच्या डब्यावर होती. तिला गाठ सुटायची कळ सापडेना, नखं मोडायला लागली. मी तिला दाखवलं, इथं धरायचं आणि एकदाच ओढायचं. तिनं केलं, सुटलं, आणि तिला हसू आलं. "भारी हाय की ओ चाची!" मग तिला आठवलं असावं आपण काय बोललो होतो, आणि ती दुसऱ्या डब्याकडं गेली.

मग गाडी मोकळी एक फेरा फिरली. मी खिलारी साजाशिवाय पहिल्यांदाच पाहिली. चढताना साखळी कड कड वाजली आणि माझ्या छातीत तसंच झालं. वरच्या टोकाला पांढरी शिंगं आभाळावर उठून दिसली. मला कबूल करावं लागलं. गुलाबी चिठ्ठ्यांमधली निम्मी माणसं बरोबर होती. अब्बा शिंगं कधी झाकायचे नाहीत. गोंडा शिंगाच्या टोकाला, एकेक, म्हणजे शिंग लांब दिसतं. आम्ही साहेबांच्या कागदावरची मापं बघितली आणि बैल विसरलो.

मालक चारच्या आधीच आले. साहेबांनी सगळं सांगितलं. मालकांनी दोरीवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, एकदा हिरव्या, एकदा गुलाबी, आणि म्हणाले, "आता वाचून काय उपयोग. काढलंच आहे ना? राहू दे तसं."

मी मुमताजच्या कानात सांगितलं. ती मोठ्यानं म्हणाली, "भाभी म्हणते, फक्त दोन गोंडे लावून बघा! दोन शिंगांच्या टोकाला! घुंगरं काढून! पक्क्या गाठीनं!"

प्राजक्ता म्हणाली, "नको!"

एक म्हातारी, तीच हिरव्या चिठ्ठीवाली आजी असावी असं मला वाटलं, म्हणाली, "दोन तरी ऱ्हाऊ द्या की ओ. बोडका बैल बरा दिसतोय व्हय?"

मालक माने काकांकडं बघायला लागले. काकांना राग होता का काय होतं ते कळत नव्हतं. ते म्हणाले, "मला ह्यातलं काय नको हाय. पण बांधू दे. मी ओढून बघतो."

मी घुंगरं काढून दोन गोंडे बांधले. शिडीवर चढून, एक डावीकडं, एक उजवीकडं. पक्की गाठ माझ्या हाताला येईना. बोटं सवयीनं सुटतीच मारायची, आणि मी सोडून पुन्हा मारायची. तिसऱ्यांदा काका खालनं म्हणाले, "घाई नको." मग बसली. काका शिडीवर चढले, बंद दोन्ही हातांत धरून लोंबकळायचेच बाकी राहिले. गाठ हलली नाही.

"आता एक नियम," ते उतरत म्हणाले. "आमच्या वर्कशॉपात ज्यानं ब्रेक जोडला तो पहिल्या फेरीला गाडीत बसायचा. मग बाकीचे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी आयुष्यात जत्रेतल्या लाकडी पाळण्यापलीकडं कशात बसलेली नाही. मुमताज म्हणाली, "मी बसते तिच्याबरोबर," आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला.

काकांनी आपली पहिल्या डब्यातली जागा आम्हाला दिली.

गाडी वर गेली, खाली आली, वळली, पुन्हा गेली. मुमताजनं माझ्या दंडाला नखं रोवली, तिचे वळ अजून आहेत. उतरताना साहेबांच्या माणसानं दोघींना एकेक चिठ्ठी दिली. मुमताजनं हिरवी घेतली. मला काय लिहावं सुचलं नाही, मी कोरीच परत दिली.

मालक म्हणाले, "सुट्टी संपेपर्यंत राहू देत हे दोन. नाताळाचं तेव्हा बघू."

निघताना मी पुन्हा दोरीजवळून गेले. नवी गुलाबी चिठ्ठी लागली होती, जुन्या वळणाचं अक्षर. "गोंडे नकोत हे माझं मत कायम. गाठ चांगली आहे. माने."

परत मुरगुडात

साहेबांनी परत दिलेले अठ्ठावन्न गोंडे आणि सात कंडे पोत्यात घालून आणले, जास्तीचे दहा पिशवीतच होते. एसटीत पुन्हा खुळखुळ झाली, पण कंडक्टर दुसरा होता आणि झोपेत होता. यांना सगळं सांगितलं, ओरडण्याचं सोडून. ते तेवढं मुमताजनं फोनवर सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "बरं केलंस." पोतं त्यांनी पाडव्याच्या बाजारात नेलं. संध्याकाळी आमच्या गल्लीतून म्हशी गेल्या तेव्हा त्यांच्या शिंगांना तेच लाल, पिवळे, हिरवे गोंडे होते. सुटत्या गाठीसकट, जसे केले होते तसे. तिथं ती गाठ बरोबर होती.

रोज फोन वाजला की मला वाटतं पार्कातला आहे. अजून आलेला नाही.

आणि बायका विचारतात, वरनं काय दिसलं. खालची माणसं मुंग्यांएवढी दिसली का, पन्हाळा दिसला का, ऊस दिसला का. दिसत असणार. मुमताज म्हणते हायवे दिसला, लांब डोंगर दिसला. मला ठाऊक नाही. पूर्ण फेरा माझी मान वर होती आणि डोळे डाव्या शिंगावर. चढावर बघितलं, उतारावर बघितलं, वळणावर सगळं उलटंपालटं झालं तेव्हाही तिकडंच बघितलं. मला फक्त गाठ दिसली. ती हलली नाही.